निरोपाची खिडकी

दारातला उजेड अचानक कमी झाला म्हणून रोहिदास वळला. प्रेमा उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की ती बराच वेळ हाका मारते आहे. हाका मारून थकलेल्या माणसाचा चेहरा त्याला पाठ होता. आधी त्यावर नुसतं काम असतं, मग भुवया वर जातात, मग थोडा राग येतो आणि शेवटी एक संकोच येतो, आपलंच काहीतरी चुकलं असावं असा. प्रेमा त्या संकोचापर्यंत पोचली होती. ती शाळेची क्लार्क, एरवी ऑफिसातून हलत नसे; हलायची गरजच पडू नये अशी व्यवस्था रोहिदासने करून ठेवली होती. तो घाईने उठला, हसला, म्हणाला, "या ना मॅडम." ती बोलू लागली. बोलता बोलता तिने मान वळवून ओळीने मांडलेल्या कॉम्प्युटरांकडे पाहिलं आणि तेवढ्यात तिचं अर्धं बोलणं त्याच्या हातून गेलं. 'निरोप' ऐकू आला, 'सकाळपासून' ऐकू आला, 'खोडाळ्याहून वाळू म्हणून कुणी' एवढं नीट ऐकू आलं, 'गेटवर थांबले' आणि 'गेले' हेही. त्यानंतर ती आणखी काहीतरी म्हणाली, लांबलचक, शेवटी प्रश्न असावा असं. रोहिदासने मान डोलावली. "बरं, बरं. बघतो मी." प्रेमाने जरुरीपेक्षा क्षणभर जास्त त्याच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

तो पुन्हा खुर्चीवर बसला आणि त्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. ऑफिसातून निरोप आला की त्या कोपऱ्यात एक छोटी पिवळी खिडकी उघडायची. शाळेला लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर मिळाले तेव्हा गणिताच्या रोहिदास सरांनी आपणहून ही खोली मागून घेतली, रात्रंदिवस पुस्तकं वाचून ते यंत्र शिकून घेतलं आणि महिनाभरात ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून या खोलीतल्या कॉम्प्युटरवर निरोप पाठवायची आणि आलेल्या निरोपाच्या खिडकीतूनच उत्तर द्यायची सोय केली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. शिपायाची धावपळ वाचली, चिठ्ठ्या वाचल्या, जव्हारात असं दुसऱ्या कुठल्या शाळेत नसेल. रोहिदास मान खाली घालून ते कौतुक घेत होता. त्यातलं किती त्याला ऐकू येत होतं हे फक्त त्यालाच माहीत होतं. ती सोय शाळेसाठी नव्हतीच. माणसांनी त्याच्याशी लिहून बोलावं आणि ते लिहून का बोलतात हे त्यांना कळू नये, यासाठी ती होती.

चाळिशी उलटल्यावर कधीतरी ते सुरू झालं. आवाज येत राहिले. माणसं बोलतात हे कळायचं, रागाने बोलतात की मायेने तेही कळायचं. पण शब्दांची टरफलं हाती यायची, दाणे नाहीत. आधी मागच्या बाकावरच्या मुली गेल्या, मग फोन गेला, मग स्टाफरूममधले विनोद. तो लोक हसले की हसायचा, अर्धा क्षण उशिरा. वर्गात 'तोंडी नको, फळ्यावर येऊन सोडव' अशी शिस्त त्याने लावली आणि कडक मास्तर म्हणून त्याचं नाव झालं. घरी फोन वाजला की वर्तमानपत्र पुढे धरून म्हणायचा, "तू घे गं." त्याची बायको चंद्रकला घ्यायची. गेल्या वर्षी भाकरी थापता थापता तिने, अगदी सहज विषय काढावा तसं म्हटलं होतं, "एकदा नाशिकला कानाच्या डॉक्टरांना दाखवून येऊ या का?" ते त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. त्याच्या बाबतीत ते सोपं होतं, आणि त्या सोपेपणाची त्याला स्वतःलाच भीती वाटली होती. पुढच्या जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. बहिऱ्या माणसाला पर्यवेक्षक कोण करील? नुसता मास्तर म्हणून तरी कोण ठेवील?

पावसाळा मात्र त्याचा असायचा. जव्हारचा पाऊस शाळेच्या पत्र्यांवर पडायला लागला की कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. शिक्षक वर्गात घसा फोडून बोलत, मुलं खुणा करीत, मुख्याध्यापक दोनदोनदा विचारीत, "काय म्हणालात?" त्या चार महिन्यांत सगळी शाळा त्याच्यासारखी व्हायची. तो इतरांच्या मानाने निवांत असायचा. त्याला सवय होती. मग नवरात्राच्या आसपास आभाळ मोकळं व्हायचं, पत्रे वाळायचे, आणि एका सकाळी लोकांचे आवाज पुन्हा खाली उतरायचे. ते हलक्या आवाजात बोलायला लागायचे आणि तो पुन्हा एकटा पडायचा. आता नोव्हेंबर होता. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. बाहेरच्या कोरड्या, थंड उन्हात मैदानावर मुली खो-खो खेळत होत्या. त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती.

वाळू. वाळू येऊन गेला. रोहिदासला उठून गेटपर्यंत जावंसं वाटलं, नाक्यावर, जीपच्या थांब्यावर जाऊन बघावंसं वाटलं. म्हातारा अजून तिथेच उभा असेल. पण पडद्याचा तो रिकामा कोपरा त्याला उठू देईना. सकाळपासून निरोप येत होते आणि ही खिडकी उघडली नव्हती. उद्याही नाही उघडली तर? प्रेमा पुन्हा दारात येईल. परवा मुख्याध्यापक स्वतः येतील, पाठीमागे उभे राहून हाक मारतील. मग एके दिवशी कुणीतरी त्यांना म्हणेल, तुमच्या लक्षात नाही आलं का? आधी हे नीट केलं पाहिजे, असं त्याने स्वतःला सांगितलं. वाळू काय, मीठ-मिरची घ्यायला जव्हारला आला असेल, सहज डोकावला असेल.

पण वाळू सहज कुठे डोकावणारा नव्हता. रोहिदासचा बाप जिव्या जिवंत होता तोवर वाळू लावणी-कापणीला त्यांच्याकडे मजुरीला यायचा. त्याच्याकडे स्वतःची जमीन नव्हती; पावसाळा सरला की त्याची माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, पुढच्या पावसाआधी परत यायची. जिव्याला ऐकू येत नसे. खोडाळ्याच्या बाजारात तो नागलीची पाटी पुढे घेऊन बसे. गिऱ्हाईक भाव विचारी, जिव्या हसे. गिऱ्हाईक पुन्हा विचारी, जिव्या आणखी हसे, आणि गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळे. पोरं मागून येऊन 'भैऱ्या, भैऱ्या' ओरडत आणि तो वळला नाही की खिदळत. सातवीतला रोहिदास समोरच्या कापडाच्या दुकानाशी उभा राही, आपण या म्हाताऱ्याचे कुणी नाही असं दाखवत. वाळू मात्र जाऊन जिव्याच्या समोर बसायचा, कोपराला हात लावायचा आणि मग बोलायचा. ओरडायचा नाही. ते दोघं बांधावर बसून कितीतरी वेळ बोलत राहायचे आणि बाप भलत्याच ठिकाणी हसत नसे. रोहिदासला तेव्हा वाटायचं, हा वाळू बापाला काय एवढं सांगतो? त्याने कधी विचारलं नाही. शिकला, जव्हारला आला, नोकरीला लागला. बाप मेला तेव्हा वाळू तिरडीच्या मागच्या बाजूला चालत होता, खांदा देणाऱ्यांत नाही.

रोहिदासने केबल पाहिली. मागची छोटी हिरवी बत्ती लुकलुकत होती. मग त्याने या यंत्रावरून ऑफिसच्या यंत्राला नुसतं 'आहेस का' असं विचारायची आज्ञा दिली. 'आहे' असं उत्तर लगेच आलं. तो ऑफिसात गेला, प्रेमाच्या खुर्चीवर बसून तिकडून हाच प्रश्न आपल्या यंत्राला विचारला. तिकडूनही 'आहे'. म्हणजे रस्ता मोकळा होता, दोन्ही यंत्रं जागी होती, एकमेकांना ओळखतही होती. फक्त निरोप तेवढे पोचत नव्हते. परत येताना पटांगणाच्या मध्यावर त्याला आठवलं. सुट्टीत एकट्यानेच येऊन त्याने आपल्या यंत्रावर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली होती. नाशिकहून आणलेल्या एका मासिकाबरोबर तिची सीडी आली होती. नव्या आवृत्तीत फायरवॉल चालूच येते, असं कुठेतरी वाचलेलं होतं. शाळेला इंटरनेटची लाइन आल्यापासून ती हवीच होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दारात अडवायचं आणि नियमांच्या यादीशी ताडून पाहायचं. यादीत असेल तर आत, नसेल तर नाही. निरोपाच्या प्रोग्रामचं नाव त्या यादीत कुणी घातलंच नव्हतं.

त्याने आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली आणि नियमांची यादी मागितली. ओळी सरकत आल्या. शेवटची ओळ होती 'ड्रॉप' अशी. वरच्या कुठल्याही नियमात न बसणारं जे काही येईल ते टाकून द्यायचं. पुस्तकात नाकारण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या होत्या. एका तऱ्हेत पाठवणाऱ्याला उलट कळवायचं की इथे तुला प्रवेश नाही; तो बिचारा निदान दुसरीकडे जातो. दुसऱ्या तऱ्हेत काहीच कळवायचं नाही. पाठवणारा वाट बघत राहतो. त्याला कळतच नाही की पलीकडे कुणी नाही, की आहे आणि बोलत नाही. दुसरी तऱ्हा जास्त सुरक्षित, असं पुस्तकात लिहिलं होतं, कारण आपण इथे आहोत हेच मग कुणाला समजत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रोहिदासला ते फार पटलं होतं. त्या शेवटच्या ओळीपुढे एक आकडा होता, आजवर किती टाकून दिलं त्याचा. तो त्या आकड्याकडे पाहत बसला. यातच कुठेतरी प्रेमाचे सकाळचे निरोप होते. ते हरवले नव्हते, वाटेत अडकलेही नव्हते. इथपर्यंत, या टेबलापर्यंत, तो बसला होता तिथपर्यंत पोचले होते.

दार उघडायला फार काही लागत नव्हतं. निरोपाचा प्रोग्राम ज्या क्रमांकाच्या दाराने बोलतो तो क्रमांक यादीत घालायचा, बस. पण घातल्यावर प्रेमाने तिकडून निरोप पाठवून बघायला हवा होता, आणि तिने पाठवला हे इकडे कळायला हवं होतं. त्याने क्रमांक घातला आणि तो पुन्हा ऑफिसात गेला. प्रेमा म्हणाली, "सर, तुम्ही कशाला ये-जा करताय? तुम्ही तिकडे बसा, मी इथून ओरडून सांगते. तुम्ही तिकडून ओरडा आलं का ते." ऑफिस आणि कॉम्प्युटरची खोली पटांगणाच्या दोन बाजूंना, समोरासमोर होती. कुणालाही सहज जमण्यासारखं होतं. "नको, नको," रोहिदास म्हणाला, "वर्ग चालू आहेत. कशाला ओरडायचं? तुम्ही पाठवा, मी जाऊन बघतो." तिने निरोप पाठवला. तो पटांगण ओलांडून आला, कोपरा रिकामा. परत गेला, तिला पुन्हा पाठवायला सांगितलं, परत आला. रिकामा. व्हरांड्यात स्टुलावर बसलेला शिपाई त्याच्या फेऱ्या पाहत होता. त्या थंड उन्हातही त्याच्या कपाळाला घाम आला. एवढंसं काम; कान असलेल्या कुणी हे जागेवरून न उठता केलं असतं.

पुन्हा तो निघाला तेव्हा प्रेमा ऑफिसच्या खिडकीत येऊन उभी होती. गजांना धरून, सरळ त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "सर, असं करू. मी पाठवलं की हात वर करते. तुम्हाला मिळालं की तुम्ही हात वर करा." प्रत्येक शब्द तिने सुटा केला होता. पटांगणाच्या मध्यावर उभ्या असलेल्या रोहिदासला त्यातला एकूण एक शब्द मिळाला. इतकं नीट कुणी बोललेलं त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ती पहिलीच्या पोराशी बोलावं तशी बोलत नव्हती, ओरडतही नव्हती. तिने फक्त तोंड त्याच्याकडे केलं होतं. हिला माहीत आहे? कधीपासून? तो खोलीत गेला, खुर्ची खिडकीकडे वळवून बसला. समोर प्रेमाचा हात वर गेला. कोपरा रिकामा, पण काळ्या खिडकीत त्याने यादी पुन्हा मागितली तेव्हा 'ड्रॉप'च्या ओळीपुढचा आकडा वाढलेला होता. हात पुन्हा वर गेला. आकडा पुन्हा वाढला. तिथे ती हात वर करत होती आणि इथे तिचं म्हणणं येऊन पडत होतं, हे पहिल्यांदाच त्याला डोळ्यांनी दिसत होतं. त्याला उगाचच चंद्रकला आठवली, भाकरी थापणारे तिचे हात आणि त्या प्रश्नानंतरची तिची पाठ.

चूक साधी होती. यंत्रं एकमेकांशी दोन पद्धतींनी बोलतात. एकीत आधी समोरच्याची खात्री करून घ्यायची आणि मग बोलायचं. दुसरीत नुसतं सांगून मोकळं व्हायचं, मिळालं की नाही याची वाट पाहायची नाही. प्रेमाचे निरोप दुसऱ्या पद्धतीने येत होते आणि त्याने क्रमांक बरोबर घालूनही दार पहिल्या पद्धतीसाठी उघडलं होतं. त्याने ओळ बदलली, नियम नव्याने लावले. समोर हात वर गेला. पिवळी खिडकी टचकन उघडली. 'टेस्ट टेस्ट,' तिच्यात लिहिलं होतं. रोहिदासने हात वर केला आणि तो तसाच वर धरून तो थोडा वेळ बसून राहिला. सकाळचे निरोपही आता मागोमाग येतील अशी एक वेडी आशा त्याला होती. ते आले नाहीत. टाकून दिलेलं परत येत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तो कोपऱ्याकडे पाहत होता.

खिडकीत दुसरी ओळ आली. 'सर, मग त्या मुलीचं काय ठरवलंत?'

त्याने टाइप केलं, 'कोणती मुलगी?'

समोर ऑफिसच्या खिडकीत आता कुणी नव्हतं. प्रेमा आपल्या यंत्रापाशी जाऊन बसली असणार. मग आलं, 'मी मघाशी दारात सांगितलं ना सर.' आणि त्यालाच लागून, 'तुम्हाला ऐकू आलं नव्हतं ना?'

कळफलकावर त्याची बोटं थांबली. बऱ्याच गोष्टी लिहिता आल्या असत्या. लक्ष नव्हतं. कामात होतो. पोरांचा गोंगाट होता. या प्रत्येक उत्तराने आजवर काम भागवलं होतं. बाहेर मैदानावर खो-खोचा खेळ संपला होता आणि मुली नळावर पाणी पीत होत्या, एकीमागून एक वाकत. रोहिदासने 'नाही' लिहिलं. ते दोन अक्षरांचं उत्तर पाहत राहिला. खोडून टाकायचं मनात आलं. मग त्याने कळ दाबली आणि ते गेलं. त्याने आयुष्यात हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं, आणि सांगताना तोंड उघडावं लागलं नव्हतं.

प्रेमाने फक्त मघाचं सगळं पुन्हा सांगितलं, ओळीमागून ओळ. 'ते वाळू म्हणून म्हातारे नातीला घेऊन आले होते. रुपी नाव. पाचवीत आहे. घरची माणसं भट्टीवर चाललीत. पोरगी शाळेत राहू दे म्हणत होते. आपल्या वसतिगृहात सोय होईल का, तुम्ही शब्द टाकाल का. गाडी आजच येणार आहे. मुलगी दप्तर घेऊन आली होती.' थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'मी तुम्हाला दारात विचारलं, त्यांना थांबवायला नाक्यावर माणूस पाठवू का. तुम्ही बघतो म्हणालात.'

त्यानंतर तो कसा उठला, मुख्याध्यापकांना काय सांगितलं, हे त्याला पुढे कधी नीट आठवलं नाही. नाक्यावर वाळू नव्हता. खोडाळ्याची जीप भरेपर्यंत उभी राहिली आणि ती निघाली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. माणसं दाटीवाटीने बसली होती, बोलत होती, इंजिनाच्या आवाजात कुणालाच कुणाचं कळत नव्हतं आणि तरी सगळी बोलत होती. रोहिदास कडेला अंग चोरून बसला होता. भाताची शेतं कापून झाली होती. उतारावर नागलीचे पिवळे तुकडे राहिले होते. मध्येमध्ये रस्त्याच्या कडेला बोचकी, भांडी, कोंबड्यांची खुराडी घेऊन माणसं गाडीची वाट पाहत बसलेली दिसत होती. प्रत्येक घोळक्यात तो दप्तरवाली मुलगी शोधत होता. मग त्याच्या लक्षात आलं की ती दिसली तरी आपल्याला ओळखता येणार नाही. ती त्याच्या शाळेच्या गेटवर सकाळभर उभी होती आणि त्याने तिला पाहिलं नव्हतं. दुपारी तो लगेच नाक्यावर गेला असता तर? यंत्र दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं असतं. तो हा प्रश्न मनातून ढकलत होता आणि प्रत्येक वळणावर तो परत येत होता.

वाळूची झोपडी गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला होती. कारवीच्या कुडाला शेण लिंपलेलं होतं. म्हातारा दारात बसून मासे धरायचं जाळं सांधत होता. झोपड्यांच्या त्या रांगेत आणखी कुणाची चाहूल नव्हती. दारांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. रोहिदासला पाहून वाळू उठला नाही, रागावलेलाही दिसला नाही. "आलास? बस," तो म्हणाला आणि बाजूचं पोतं पुढे सरकवलं.

"रुपी?"

"गेली. टेम्पो दुपारचा आला. तिचा बापूस बोलला, इथं कोन बघनार, चल. चढवली मंग."

रोहिदासकडे सांगायला कारण तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. "वाळूबाबा, मला निरोपच मिळाला नाही," त्याने सुरुवात केली. "ऑफिसातून कॉम्प्युटरवर निरोप येतो. सुट्टीत मी त्यात नवीन..." वाळू ऐकत होता, मान हलवत होता, जाळ्याच्या गाठी चाचपत होता. सुशिक्षित माणसं असंच बोलतात हे माहीत असल्यासारखा. रोहिदासला आपला आवाज ऐकू येत होता, आतून, घुमल्यासारखा, आणि त्यातला प्रत्येक शब्द बरोबर असूनही तो थांबला. ओढ्याच्या बाजूने गारवा येत होता. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "यंत्र बंद होतं ते खरं आहे. पण ते यंत्र मी त्याचसाठी लावलं होतं. मॅडमनी दारात येऊन तुझं सगळं सांगितलं, आणि मला अर्धंच समजलं, आणि मी मान डोलावली."

वाळूचे हात थांबले. "जिव्यासारखा?"

"हां."

"कवापासून?"

"झाली चार-पाच वर्षं. हळूहळू."

म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं. रोहिदासला वाटलं, आता तो दया दाखवील, किंवा बापाविषयी काही बोलेल, आणि दोन्हीपैकी काही झालं तर आपल्याला रडू येईल. पण वाळू मुलीविषयीच बोलला. "तू नाय म्हनला असता ना मास्तर, तं चाललं असतं. मी वसतिगृहाच्या बाईंकडं गेलो असतो, दुसऱ्या सरांच्या पाया पडलो असतो. तुझा उत्तरच नाय आला. मी म्हनला, येल, जिव्याचा पोरगा हाय, येल. थांबलो. रुपी बोलली, आजा, भूक लागली. तरी थांबलो." त्यात तक्रार नव्हती. जे झालं ते तो क्रमाने सांगत होता. रोहिदासने यातलं बरंचसं ऐकलं, काही ओठांवरून ताडलं. त्याची नजर वाळूच्या तोंडावरून हलली नाही. हललीच नाही, कारण हलली असती तर जमिनीकडे गेली असती.

"कुठल्या भट्टीवर गेलेत?" त्याने विचारलं. "मी उद्या जातो. तिला घेऊन येतो. वसतिगृहाचं मी बघतो, आजच्यासारखं नुसतं 'बघतो' नाही, खरंच बघतो. तिच्या बापाशी बोलतो. गाव कोणतं?"

वाळूने नाव सांगितलं. रोहिदासला शेवटचं 'गाव' तेवढं ऐकू आलं. आधीची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी बुडाली. त्याची मान सवयीने डोलावली जायच्या बेतात होती. ती त्याने धरून ठेवली. "कळलं नाही. परत सांग."

वाळूने पुन्हा सांगितलं. "पायगाव?" रोहिदासने विचारलं. वाळूने मान हलवली, नाही. पुन्हा सांगितलं. भिवंडीच्या बाजूला पायगाव होतं हे त्याला माहीत होतं, तिथेही भट्ट्या होत्या. हो म्हणून उठलो असतो तर उद्या भलत्याच गावात फिरत बसलो असतो. "परत." या वेळी त्याने फक्त ओठ पाहिले. म्हाताऱ्याचे ओठ मिटले, उघडले, आणि 'गाव' यायच्या आधी आणखी एकदा मिटले. "बापगाव."

"हां. बापगाव. पुलाच्या अंगाला, पह्यलीच भट्टी."

"पुलाच्या अंगाला, पहिलीच," रोहिदासने म्हणून दाखवलं. वाळूने मान डोलावली. अंधार पडायला अजून वेळ होता, पण झोपडीच्या दारात सावली आली होती आणि चेहरा दिसेनासा होत होता. रोहिदास पोत्यावरून उठला, उजेड वाळूच्या तोंडावर पडेल अशा बेताने त्याच्या दुसऱ्या अंगाला येऊन मातीतच बसला. जव्हारला परत जायची गाडी आता होती की नव्हती कोण जाणे. चंद्रकला वाट बघत असेल. तिला फोन करायला हवा, आणि फोनवर ती काय बोलली ते ऐकायला कुणाला तरी शेजारी उभं करायला हवं. बाजारपेठेत कुणीतरी भेटेल. सांगू, मला ऐकू येत नाही, तुम्ही ऐका.

"मी तिला पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "तिथे शेकड्याने पोरं असतील. ओळखू कशी?"

वाळू विचार करू लागला. मग सांगू लागला. अंगात निळा झगा आहे, शाळेचाच, खांद्याशी उसवलेला. केस बारीक कापलेले, उवा झाल्या होत्या म्हणून. डाव्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग. काही रोहिदासला ऐकू आलं, काही त्याने दोनदा विचारून घेतलं, आणि म्हातारा दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सांगत राहिला. शेवटी तो थांबला, जाळं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं, आणि खाली बघत आणखी काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?" रोहिदासने विचारलं.

वाळूने तोंड वर केलं. "बोलत नाय फार," तो सावकाश म्हणाला. "पन नावानं हाक मारली का ओ देते ती."